वाऱ्यावर आरसी विमान उडवताना जायरो: जोडणी, दिशा आणि गेन

मार्च लागला की मराठवाड्यात आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारं, विमान उडवायची वेळ सकाळी 6:30 ते 8:30, ओढूनताणून 9. त्यानंतर काळं रान तापतं, माळावर वावटळी फिरायला लागतात आणि सनबोर्डाचं (कागद चिकटवलेल्या फोमच्या पाट्याचं) हलकं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, एका जागी सरळ राहत नाही. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. पश्चिमेचा वारा दिवसभर थांबत नाही. बीड-धाराशिवच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जायरोचा, म्हणजे विमानाचं डुलणं आपोआप सावरणाऱ्या छोट्या उपकरणाचा, विषय इकडे निघतो तो या वाऱ्यामुळे, आणि निघाला की सोबत बराच गैरसमजही येतो.

जायरोला वारा कळत नाही. त्याला फक्त फिरणं कळतं. विमान कोणत्या अक्षावर सेकंदाला किती अंश फिरतंय एवढं तो मोजतो आणि त्याच्या उलट सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीवरच्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी, हलवतो. झोताने उजवा पंख दाबला तर तो सावरतो. पण सगळं विमानच वाऱ्याबरोबर शेजारच्या तुरीकडे सरकत असेल, किंवा गरम हवेच्या उचलीने सरळ वर चढत असेल, तर जायरोच्या लेखी काहीच घडलेलं नाही. जागा धरून ठेवणं हे जीपीएस आणि फ्लाइट कंट्रोलरचं काम. विमान कुठे न्यायचं ते अजूनही तुमच्याच अंगठ्यांनी ठरवायचं असतं.

साध्या रेट मोडमध्ये तर तो विमान सरळसुद्धा करत नाही. झटका येतो तेवढ्यापुरता विरोध करतो, झटका संपला की सोडून देतो. मोटारसायकलच्या शॉकअॅब्सॉर्बरसारखं आहे ते, खड्डा बुजवत नाही, फक्त हिसका कमी करतो. दुसरा मोड हेडिंग होल्ड, ज्याला कुणी लॉक म्हणतात. यात विमान ज्या स्थितीत सोडलं त्याच स्थितीत धरून ठेवलं जातं. तिसरा सेल्फ लेव्हल. त्यासाठी जायरोसोबत अॅक्सेलेरोमीटर (खालची दिशा कोणती ते ओळखणारा सेन्सर) लागतो, आणि स्टिक (रिमोटवरची दांडी) सोडली की पंख आपोआप जमिनीला समांतर होतात. दुकानदाराच्या व्हिडिओत रिमोटवरून हात काढून दाखवतात तो हा तिसरा मोड. रोजच्या उडवण्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे: रेट मोड आणि कमी गेन (जायरो किती जोराने दुरुस्ती करतो ते प्रमाण). लॉक मोड हवेत उभं राहण्याच्या कसरतींसाठी ठेवा. सेल्फ लेव्हल शिकाऊ हातासाठी ‘वाचवा’ बटण म्हणून स्विचवर असावा, पण त्यावरच शिकलेला माणूस जायरो नसलेलं विमान हातात आलं की गडबडतो.

आधी विमान, मग जायरो

खालचे आकडे एका नेहमीच्या जुळणीचे धरू: 1200 मिमी पंख, 200 मिमी कॉर्ड (पंखाची रुंदी), वरच्या पंखाचं सनबोर्डाचं ट्रेनर, ए2212 1000 केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे) मोटर, 1045 (10 इंची) प्रॉप, 30 अँपिअर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 3एस 2200 (तीन सेल, 2200 एमएएच) बॅटरी, 9 ग्रॅमचे चार सर्व्हो. सगळं मिळून 900 ग्रॅमच्या आसपास.

हे विमान जायरोशिवाय नीट उडत नसेल तर जायरो लावू नका. सीजी (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून 50 ते 60 मिमीवर हवा. शेपूट जड असेल तर जायरो ते झाकून टाकतो. विमान वर शांत वाटतं, पण एलिव्हेटर (शेपटीवरची, नाक वरखाली करणारी पट्टी) आतल्या आत सतत झगडत असतो, आणि वेग कमी झाला की त्याची ताकद संपते आणि विमान एकदम मान टाकतं. म्हणून जायरो बंद ठेवून उडवा, ट्रिम करा (स्टिक सोडल्यावरही सरळ उडेल असं रिमोटच्या बटणांनी जुळवा), उतरवा. मग रिमोटवरचं ट्रिम शून्यावर आणून तेवढाच फरक पुशरॉडची (सर्व्होपासून पट्टीपर्यंतच्या तारेची) लांबी बदलून काढा. लॉक मोडमध्ये तर ट्रिमचं बटण दाबूच नका. तिथे ट्रिम म्हणजे ‘सतत इतक्या वेगाने फिर’ असा हुकूम होतो.

दुसरी गोष्ट खेळ, म्हणजे ढिलाई. एलरॉनची (पंखावरची, विमान कलवणारी पट्टी) मागची कड बोटांत धरून हलकेच वरखाली करा. सर्व्हो न हलता कड 1 मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर जायरो त्या ढिल्या जागेतच खेळत बसतो आणि पंख थरथरतो. हॉर्नचं (पट्टीवर तार अडकवायच्या कानाचं) भोक तारेपेक्षा मोठं झालेलं असतं, नाहीतर प्लॅस्टिक गिअरचे दात झिजलेले असतात. जायरो सर्व्होला क्षणभर गप्प बसू देत नाही, त्यामुळे प्लॅस्टिक गिअर लवकर जातात. एलरॉन आणि एलिव्हेटरला मेटल गिअरचे सर्व्हो घातलेले परवडतात.

बसवणं, आणि आपलं ऊन

फिरण्याचा वेग विमानाच्या सगळ्या भागांत सारखाच असतो, त्यामुळे रेट मोडसाठी जायरो नेमका सीजीवरच हवा असं नाही. सेल्फ लेव्हल वापरणार असाल तर मात्र सीजीजवळ ठेवा. खरं महत्त्व दोन गोष्टींना: जायरोच्या कडा विमानाच्या कडांना समांतर हव्यात, आणि मोटरची थरथर त्याच्यापर्यंत कमीत कमी पोचली पाहिजे. तिरका बसला तर रोलचा (पंख कलण्याचा) झटका त्याला थोडा यॉसारखा (नाक डावी-उजवीकडे वळण्यासारखा) दिसतो आणि विनाकारण रडर (शेपटीची उभी पट्टी) हलतं. थरथरीचं मूळ बहुतेक वेळा बॅलन्स न केलेल्या प्रॉपमध्ये असतं. स्पंज टेपचे थर वाढवत बसण्यापेक्षा प्रॉप बॅलन्स करा.

टेप दुहेरी, 2 ते 3 मिमी जाडीची, आणि जागा प्लायची किंवा गुळगुळीत. सनबोर्डाच्या नुसत्या कागदावर लावली तर कागदासकट निघते. ग्लूगनने जायरो चिकटवणं इकडच्या उन्हाळ्यात सरळ चूक आहे. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत मागच्या काचेखाली ठेवलेल्या विमानातला ग्लू मऊ होतो, जायरो अर्धा मिलिमीटर सरकतो आणि गार झाल्यावर तसाच तिरका घट्ट बसतो. वरून पाहिलं तर काही कळत नाही. टेप लावल्यावरही वरून एक वेल्क्रोची पट्टी हलकी घ्या. घट्ट आवळली तर थरथर परत आत जाते.

जोडणी

जायरो रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारी विमानातली डबी) आणि सर्व्हो यांच्या मधे बसतो. रिसीव्हरचे एलरॉन, एलिव्हेटर, रडर जायरोच्या इनपुटला जातात आणि सर्व्हो जायरोच्या आउटपुटला. ईएससीची वायर जायरोत नाही, थेट रिसीव्हरच्या थ्रॉटल (मोटरचा वेग) चॅनलला. उरलेल्या चॅनलांपैकी एक मोडसाठी, एक गेनसाठी. फ्लायस्काय एफएस-आय6 सारख्या सहा चॅनलच्या रिमोटवर हे अगदी बेताने बसतं: पाचवा चॅनल तीन खटक्यांच्या एसडब्ल्यूसी स्विचवर, सहावा व्हीआरए नॉबवर. जायरोत गेनसाठी वेगळा चॅनल नसेल तर त्याच्या अंगावर बारीक पॉट असतात, ते स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे. एफआरस्कायचा एस8आर किंवा स्पेक्ट्रमचे एएस3एक्स रिसीव्हर घेतले तर जायरो रिसीव्हरच्या आतच असतो. वायरींचा गुंता वाचतो, पण रिमोट त्याच कंपनीचा किंवा त्याच प्रोटोकॉलचा लागतो.

एक नियम कायम: मिक्सिंग (दोन हुकूम एकाच सर्व्होवर एकत्र करणं) रिमोटमध्ये करायचं नाही. फ्लाइंग विंग, व्ही-टेल, फ्लॅपेरॉन, काहीही असो, रिमोटमधलं मिक्स बंद आणि जायरोतलं चालू. रिमोटने आधीच मिसळलेला सिग्नल आत गेला तर त्यातला रोल कोणता आणि पिच (नाक वरखाली) कोणता हे जायरोला उलगडत नाही. तसंच आउटपुटचा फ्रेम रेट (सेकंदाला किती वेळा सिग्नल जातो ते) बघून घ्या. साधे अॅनालॉग सर्व्हो 50 हर्ट्झचे. त्यांना डिजिटल सर्व्होचा वेगवान सिग्नल दिला तर ते गुणगुणतात, तापतात आणि जळतात.

पुढचं चाक वळवायला वेगळा सर्व्हो असेल तर रिसीव्हरच्या रडर चॅनलवर वाय-केबल लावा. एक टोक जायरोला, दुसरं थेट चाकाच्या सर्व्होला. मुरमाड जमिनीवर जायरोने चाक थरथरवत ठेवलं तर तो सर्व्हो आधी मरतो.

विजेकडे लोक बघतच नाहीत. स्वस्त 30 अँपिअर ईएससीतला बीईसी (रिसीव्हर-सर्व्होंना वीज देणारा भाग) बहुधा लिनियर असतो, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णता करून फेकून देतो. भरलेली 3एस बॅटरी 12.6 व्होल्टची, सर्व्होला लागतात 5. मधले 7.6 व्होल्ट, आणि चार सर्व्होंनी मिळून 1 अँपिअर घेतला की 7.6 वॉट उष्णता त्या इवल्याशा चिपवर. जायरो नसताना सर्व्हो अधूनमधून हलतात, जायरो असला की सतत. बाहेर 42 अंश, ईएससी सनबोर्डाच्या बंद पेटीत. चिप तापून बंद पडली की रिसीव्हर आणि जायरो दोन्ही हवेत रीस्टार्ट होतात. वेगळा 5 व्होल्ट 3 अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी (बाहेरून लावायचा, कमी तापणारा बीईसी) घाला, ईएससीच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या कनेक्टरमधली लाल वायर काढून तिच्यावर टेप गुंडाळा, आणि पेटीला हवा आत येण्याचं व बाहेर जाण्याचं असं एकेक भोक ठेवा. बाहेर जाणारं भोक मोठं हवं.

दिशा तपासणी, जी चुकली तर बाकी सगळं व्यर्थ

प्रॉप काढा. मग बॅटरी लावा.

पहिल्यांदा जायरो बंद ठेवून स्टिकने दिशा बघा आणि चुकली असेल तर रिमोटमधल्या रिव्हर्सने दुरुस्त करा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग जायरो रेट मोडमध्ये, गेन पूर्ण. तपासणीपुरताच पूर्ण, म्हणजे हालचाल डोळ्याला दिसते. विमानाच्या मागे उभे राहा, नाक तुमच्यापासून लांब, आणि फ्यूजलाज (विमानाचं धड) दोन्ही हातांत धरा. उजवा पंख झटक्यात खाली दाबा. त्याच क्षणी उजवं एलरॉन खाली आणि डावं वर गेलं पाहिजे. नाक झटक्यात खाली करा, एलिव्हेटर वर आला पाहिजे. शेपूट उजवीकडे ढकला, रडर उजवीकडे गेलं पाहिजे. लक्षात ठेवायला सोपं आहे: जो भाग जिकडे गेला, त्याची पट्टी तिकडेच जाते. पंख खाली तर एलरॉन खाली, शेपूट वर तर एलिव्हेटर वर, शेपूट उजवीकडे तर रडर उजवीकडे.

हात हलताहेत तेवढाच वेळ पट्टी हलते, हात थांबला की ती मधे येते. हळू हलवलं तर काहीच दिसत नाही आणि माणूस ‘बरोबर आहे’ म्हणून सोडून देतो. एकट्याने तिन्ही बघणं अवघड जातं. एकाने विमान धरावं आणि दुसऱ्याने मागून नुसतं बघून बोलावं, “दादा, रडर उलटं चाललंय.” उलटं असेल तर जायरोवरचा त्या अक्षाचा रिव्हर्स बदला, रिमोटवरचा नाही. रिमोटचा रिव्हर्स फक्त तुमच्या स्टिकची दिशा बदलतो, जायरोची दुरुस्ती होती तशीच उलटी राहते.

उलट्या जायरोचा घात इथेच आहे. जमिनीवर स्टिक हलवून बघितली तर सगळं शहाण्यासारखं चालतं. चाकं उचलतात, पंख जरा कलतो आणि जायरो त्याला आणखी कलवतो. जायरो बंद करायचा स्विच बोटाशी नसेल तर विमान उलटायला दोन सेकंद पुरतात. म्हणून सर्व्हो बदलला, हॉर्नची बाजू बदलली, जायरो काढून पुन्हा बसवला किंवा रिमोटमध्ये रिव्हर्सला हात लावला, की ही तपासणी पहिल्यापासून.

बॅटरी लावताना

चालू होताना जायरो ‘हे म्हणजे शून्य’ असं मनाशी नोंदवून घेतो. एमपीयू-6050 या नेहमीच्या सेन्सरच्या डेटाशीटमध्ये शून्याची चूक सेकंदाला 20 अंशांपर्यंत, कमी किंवा जास्त, असू शकते असं दिलेलं आहे. एवढी चूक वजा करायची तर विमान जमिनीवर स्थिर हवं, एलईडी स्थिर होईपर्यंत, साधारण 3 ते 5 सेकंद. हातात धरून बॅटरी लावली, किंवा वाऱ्याने विमान हलत असताना लावली, तर शून्य चुकीचं बसतं आणि एखादी पट्टी जराशी तिरकी राहते. वाऱ्यात विमान गाडीच्या किंवा बांधाच्या आडोशाला ठेवून बॅटरी लावावी.

तापमानाने हे शून्य सरकतं. एसी गाडीतून विमान काढलं, लगेच बॅटरी लावली आणि दहा मिनिटं उन्हात ठेवून उडवलं, तर शून्य घेतलं तेव्हाचं सेन्सरचं तापमान आणि उडतानाचं तापमान यांत मोठा फरक पडतो. विमान 10-15 मिनिटं सावलीत बाहेरच्या हवेवर येऊ द्या, मग बॅटरी लावा आणि लगेच उडवा. लॉक मोडमध्ये हा सरकलेला शून्य साठत जातो, त्यामुळे विमान सावकाश एका बाजूला फिरत राहतं.

आणि लॉक मोडमध्ये विमान उचलून धावपट्टीकडे चालत जाऊ नका. तुमचं वळणं, डुलणं सगळं तो दुरुस्त करायला बघतो आणि पट्ट्या टोकाला जाऊन बसतात. उड्डाण नेहमी रेटमध्ये किंवा जायरो बंद ठेवून.

गेन

टक्केवारी प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही. तिन्ही अक्षांना 25 ते 30 टक्क्यांवर सुरुवात करा. उड्डाण जायरो बंद ठेवून, उंची 50 मीटर झाली की रेट मोड चालू.

गेन ठरवायचा तो सर्वांत जास्त वेगाला. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच कोनातल्या एलरॉनचा जोर चौपट होतो. त्यामुळे संथ उडताना गोड वाटणारा गेन पूर्ण थ्रॉटलला अती होतो: जायरो दुरुस्ती करतो, ती जास्त होते, सर्व्होला परत यायला उशीर लागतो, तोवर उलट बाजूची दुरुस्ती सुरू. पंख जलद थरथरतात किंवा नाक वरखाली उसळतं. पूर्ण थ्रॉटलला सरळ फेरी मारत नॉब थोडा थोडा वाढवा, थरथर सुरू झाली की तिथून 15-20 टक्के मागे या. थरथर अचानक जोरात आली तर स्टिकशी झटापट करू नका. आधी थ्रॉटल मागे, मग जायरो बंद. एलिव्हेटरची थरथर सर्वांत वाईट, ती पंखाचा जोड मोडू शकते.

रडरचा गेन एलरॉनपेक्षा कमी ठेवा. वळताना विमान यॉमध्येही फिरतंच, आणि जायरोला ते फिरणं झोतासारखंच वाटतं. गेन जास्त असेल तर तो वळणालाच विरोध करतो, शेपूट घसटत वळण रुंद होतं. वळताना स्टिकने थोडं रडर सोबत दिलं की हे सुटतं. चांगल्या जायरोत स्टिक लांब नेली की गेन आपोआप कमी होतो. ती सोय असेल तर चालू ठेवा.

उतरताना

या विमानाचं पंखभारण (पंखाच्या क्षेत्रफळामागे वजन) 900 ग्रॅम भागिले 24 चौरस डेसिमीटर, म्हणजे चौरस डेसिमीटरला 37.5 ग्रॅम. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर, 42 अंशांना, हवा समुद्रसपाटीच्या मानक हवेपेक्षा 14 टक्क्यांच्या आसपास विरळ असते. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाही तो) ताशी 27 किलोमीटरवरून 29 च्या जवळ सरकतो, आणि प्रॉपची ओढही हवेच्याच प्रमाणात कमी. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरून पाहताना विमान रांगतंय असं दिसतं, आणि झोत एकदम पडला की हवेतला वेग स्टॉलच्या खाली जातो.

इथे जायरो मदतीऐवजी घात करतो. स्टॉलच्या आधी साधं विमान डुलायला लागतं, स्टिकला मिळणारा प्रतिसाद ढिला पडतो, त्यावरून समजतं. जायरो ते डुलणं पुसून टाकतो. विमान शेवटपर्यंत ताठ राहतं. मग एक पंख पडायला लागला की जायरो त्या बाजूचं एलरॉन खाली करतो. त्या टोकाचा हवेशी कोन आधीच जास्त होता, तो आणखी वाढतो, टोक पूर्ण स्टॉल होतं आणि विमान त्याच बाजूला गिरकी घेतं. 3 मीटरवर यातून सुटका नाही. म्हणून वाऱ्यात उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करायचा नाही, चाकं टेकेपर्यंत 25-30 टक्के ठेवा, आणि नाक किंचित खाली. जायरो आहे म्हणून वेग कमी करण्याची मुभा मिळत नाही, उलट 10 टक्के जास्तच धरा.

जागेबद्दल थोडक्यात: ड्रोन नियम 2021 प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा हद्दीत) 400 फुटांपर्यंत, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत उडवता येतं. चिकलठाणा, नांदेड, लातूर या विमानतळांच्या आसपास उडवणाऱ्यांनी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघूनच जागा धरावी. नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठावर तर नकोच, तिथे पक्षी अभयारण्य आहे.

विमान आपटलं की नवा प्रॉप लावायच्या आधी जायरो बघा. टेप एका कोपऱ्यातून सुटलेली असते, किंवा नांगरटीच्या ढेकळांवर पडल्याने भुगा झालेली काळी माती कनेक्टरच्या पिनांमध्ये जाते आणि सर्व्हो अधूनमधून अडकतो. ब्रशने झाडा, टेप नवी लावा, सेल्फ लेव्हल वापरत असाल तर सपाट फळीवर नाक 2-3 अंश वर ठेवून लेव्हल पुन्हा घ्या, आणि प्रॉप काढलेलाच असताना तिन्ही दिशा परत तपासा.